पाण्यात सापडलेला खेळ

मुलांनो, पायांतील बळ गेले तर खेळाडूचा खेळ संपतो का? मुरलीकांत पेटकर यांची हकीकत ऐका.

पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातील. ते सैन्यात होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. पाय लुळे पडले आणि मुष्टियुद्ध सुटले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि हातांच्या बळावर पुढे जाता येते. उपचारासाठी सुरू केलेले पोहणे पुढे त्यांचा खेळ झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा, म्हणजे पॅरालिम्पिक, भरली. तेथे पेटकरांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माझा गुडघा कबड्डीत दुखावला आहे. थंडीत जिना चढतानाही तो ठणकतो. त्यामुळे ही हकीकत मला जवळची वाटते. हिंमत हा शब्द उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. दुखणे लपवून धावत राहणे म्हणजे हिंमत नव्हे. एक खेळ सुटल्यावर दुसऱ्या खेळाचा पहिला धडा गिरवायलाही हिंमत लागते.

येथे दीपनगरला खेळाच्या तासाला एखादा मुलगा दप्तरे सांभाळत बसलेला दिसतो. त्याला विचारा, "तुला कोणता खेळ खेळता येईल?" आणि तो खेळ त्याच्याबरोबर खेळा.