पाणबुड्याचे घड्याळ

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझे घड्याळ पाहून लोकांचा गैरसमज होतो. काळी तबकडी, अंधारात चमकणाऱ्या खुणा, भोवती फिरणारी कडी आणि १०० मीटरचा शिक्का, असा सगळा थाट पाणबुड्याच्या घड्याळाचा. फक्त अंग पोलादाचे नाही, प्लॅस्टिकचे! शिकवण्यांच्या पैशांतून अडीच हजारांच्या आत घेतलेले ते कॅसिओ.

कॉलेजात पहिल्याच दिवशी शेरा मिळाला, "एवढे पैसे घालून प्लॅस्टिक घेतलंस?" म्हणणाऱ्या मित्राच्या मनगटावर फुटपाथवरचे, एका बड्या स्विस कंपनीचे नाव छापलेले चकचकीत घड्याळ होते. धातू खरा, पण नाव खोटे. माझे प्लॅस्टिक निदान आपण पोलाद आहोत असे कोणाला सांगत नव्हते. पण वेळेवर उत्तर सुचेल तर ती मी कसली! त्या दिवशी घरी येईपर्यंत बाही खाली ओढून ठेवली.

मग वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला शोभेल असा मी या वस्तूचा हिशेब मांडायला बसले. १९५३ साली ब्लांपां या स्विस कंपनीने 'फिफ्टी फॅदम्स' नावाचे घड्याळ काढले. ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. ते फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी वापरले. पाठीवरच्या नळकांड्यातली हवा मोजकीच, म्हणून बुडी मारताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे काटा कडीवर जिथे असेल तितकी मिनिटे सरली. पाण्याखाली वजाबाकी करत बसायला नको. रोलेक्सचे 'सबमरीनर'ही त्याच सुमाराचे. आपल्याला यात नवल वाटू नये. आपले जुने घटिकापात्र तर स्वतःच पाण्यात बुडत बुडत २४ मिनिटे मोजायचे. मराठीतले घड्याळ आणि कन्नडमधला गडियार, दोघांच्याही पोटात तीच 'घटी' आहे.

आज खरे फिफ्टी फॅदम्स घ्यायला दहा हजार डॉलरहून अधिक लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच उद्योगसमूहातल्या स्वॉचने त्याची धाकटी पाती ४०० डॉलरला बाजारात आणली. पाच महासागरांच्या नावांची पाच घड्याळे, त्यांत आपल्या हिंदी महासागराचे हिरवे. त्यांचे अंग सिरॅमिकची पूड आणि एरंडेलापासून केलेले प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचे आहे. लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या एरंडेलाला एवढी प्रतिष्ठा मिळेल असे वाटले नव्हते!

स्वस्ताईचे गणित सोपे आहे. पोलादी अंग कातावे, घासावे, उजळावे लागते. प्लॅस्टिकला एकदा महागडा साचा केला की लाखो नग निघतात, आणि स्थिर खर्च त्या साऱ्यांवर वाटला जातो. १९८३ साली स्वॉचने पहिले प्लॅस्टिकचे घड्याळ आणले ते अवघ्या ५१ भागांचे. पण जमेबरोबर नावेही मांडली पाहिजे. त्या २०२३ च्या घड्याळाचे यंत्र मोहोरबंद आहे, बिघडले तर उघडून दुरुस्त करायची सोय नाही. आणि माझ्या घड्याळावरचे १०० मीटर म्हणजे तितके खोल जाण्याचा परवाना नव्हे. तेवढ्या खोलीचा स्थिर दाब ते सोसते, इतकेच.

हिशेब जुळला, तरी बाहीची सवय सुटली नव्हती. ती सुटली बिर्लानगरला.

मे महिन्यात बाबांबरोबर गोवा एक्सप्रेसने बेळगावहून ग्वाल्हेरला गेले. बाबांचे काका, आमचे बिर्लानगरचे आजोबा, जे. सी. मिलमध्ये होते. ही कापडगिरणी १९२१ ची. १९९० च्या दशकात ती बंद पडली, आणि आजोबा तिथेच राहिले. त्यांच्या हातात एच.एम.टी. 'जनता', रोज सकाळी किल्ली द्यायचे. एच.एम.टी.चा बेंगळुरूचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये उभा राहिला, आणि तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आजोबांचे घड्याळ मात्र चालू आहे. अशा घड्याळापुढे माझे प्लॅस्टिक काढायचीही लाज वाटली.

आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. डोळ्यांत दोन औषधे घालायची, दोहोंमध्ये दहा मिनिटांचे अंतर. पहिला थेंब केव्हा घातला हेच आजोबा विसरत. 'जनता'ची पिवळी पडलेली तबकडी डोळ्यांजवळ नेऊन म्हणत, "अरे यार, वीसला घातला की पंचवीसला?" मग आजी चिडे, "मिलचा भोंगा होता तेव्हा बरे होतात तुम्ही!"

मी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिले.

"ही चकती कशाला फिरते गं?"

"आजोबा, पाणबुड्याला किती वेळ झाला ते कळायला."

त्यांनी नीट ऐकून घेतले. थेंब घातला, कडी फिरवून खूण काट्यासमोर आणली आणि घड्याळ उशाशी ठेवले. काटा कडीवरच्या दहावर आला तसे ते मोठ्याने म्हणाले, "चला, दुसरी बाटली!" आजी डोळे मिटूनच हसली.

पुढचे आठ दिवस ते घड्याळ माझ्या हाताला लागले नाही. ते प्लॅस्टिकचे आहे हे आजोबांनी पाहिले होते. "हलकं आहे, बरं आहे. झोपेतही टोचत नाही," एवढाच त्यांचा अभिप्राय. निघताना मी ते तिथेच ठेवले. आजोबा 'जनता'कडे पाहून म्हणाले, "बदल्यात हे देणार नाही हं. हे अजून माझं आहे." मला ते नकोही होते. त्यांच्या हातावरच ते शोभते.

परतीच्या गाडीत मनगटावरचा पांढरा पट्टा सारखा दिसत होता. पण बाही ओढावीशी वाटली नाही. कॉलेज सुरू झाल्यावर मित्राने विचारले, "काय गं, प्लॅस्टिक कुठे गेलं?"

या वेळी उत्तर सुचले. म्हटले, "कामावर आहे."