मीटरच्या अलीकडचं

जुनं घर घेताना लोक छताची गळती बघतात, चौकटीला वाळवी आहे का ते टिचकी मारून बघतात. वायरिंगच्या वाट्याला येतं एक बटण. दाबलं, दिवा लागला, विषय संपला. दिवा लागायला दोन तारा कशाबशा होल्डरपर्यंत पोचल्या तरी पुरतं. वाटेत त्यांच्या अंगावरचं आवरण शिल्लक आहे की झडलंय, हे दिव्याला ठाऊक नसतं.

*

वय भिंतीवरच लिहिलेलं असतं. लाकडी खाचांची पट्टी आणि वर झाकण, म्हणजे केसिंग-कॅपिंग, हे सगळ्यांत जुनं. नुसत्या लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी आवळलेली काळपट वायर आणि लाकडी ठोकळ्यांवर गोल तपकिरी बटणं, हे त्यानंतरचं. दोन्हींत बहुधा रबराचं आवरण असलेली तार. रबर उष्णतेनं आणि हवेनं वाळत जातं, पण हात लावला नाही तर जागच्या जागी टिकून राहतं. पंखा बदलायला कुणी ती तार वाकवली की पापुद्रे गळतात. ‘पंखा बसवला आणि शॉर्ट झालं’ या तक्रारीत पंखा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

रबराची तार दिसली की मी पुढची तपासणी करत नाही. बदला.

*

अ‍ॅल्युमिनियमचं प्रकरण निराळं. तांबं बाहेरून आणावं लागे, महाग पडे, म्हणून साठ ते ऐंशीच्या दशकांत घराघरांत अ‍ॅल्युमिनियमची तार गेली. भिंतीतली तार बऱ्याचदा ठीक असते, गोची टोकांशी. हा धातू मऊ, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतो, तापला की तांब्यापेक्षा जास्त फुगतो, निवला की आकसतो. स्क्रू आपोआप सैल पडतो. उघड्या टोकावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तो वीज नीट वाहू देत नाही. मग जोड तापतो आणि प्लगची भोकं तपकिरी होतात. त्यातच कुणी नवी तांब्याची वायर जुन्या अ‍ॅल्युमिनियमला पीळ देऊन टेप गुंडाळली असेल, तर पावसाळी दमटपणात तो जोड कुजायला लागतो. बोर्ड उघडायला लावा, अर्थात मेन बंद करून. आत टेपचे गोळे दिसले तर घराची कुंडली कळली.

*

किटकॅट फ्यूज आधी बघावा. पांढऱ्या चिनी मातीचा तो ठोकळा उपसला की मागच्या रहिवाशांचा स्वभाव कळतो. पाच अँपियरची बारीक फ्यूज तार सारखी जाते म्हणून कुणीतरी वायरीतले चार-सहा तांब्याचे केस एकत्र पिळून घातलेले असतात. आता लोड वाढला की फ्यूजऐवजी भिंतीतली तार वितळणार. नव्या घरातही हेच होतं, फक्त सभ्यपणे: एमसीबी सारखा पडतो म्हणून 16 च्या जागी 32 अँपियरचा बसवतात.

जुन्या बोर्डांवर न्यूट्रललाही वेगळा किटकॅट असतो. तो गेला की घर अंधारात, सगळ्यांना वाटतं वीज नाही, आणि होल्डरमध्ये फेज जिवंत. हा काढून टाकण्यासाठी वायरिंग बदलायचा निर्णय होईपर्यंत थांबू नये.

*

‘चालतंय ना काका, मग कशाला हात लावायचा?’ असं म्हणणारा इलेक्ट्रिशियन आळशी असेलच असं नाही. हात लावला तर किती गळून पडेल याचा त्याला अंदाज असतो.

*

थोडं गणित. पंखा 75 वॉट, म्हणजे अँपियरचा एक तृतीयांश. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टला जवळपास पावणेनऊ अँपियर ओढतो. इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरावर तेवढीच. ज्या खोलीचा हिशेब एक दिवा, एक पंखा आणि रेडिओचा पाच अँपियरचा प्लग इतकाच होता, तिथे आता एसी आहे. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, ताप चौपट. म्हणून तार किती वर्षांची, याच्या जोडीला तिच्याकडून आज काय मागतो, हेही विचारायला हवं. पीव्हीसीची तांब्याची चाळीस वर्षांची तार देवघरात निवांत राहील. तीच तार स्वयंपाकघरात नको.

जुने वायरमन अजून ‘एक अठरा’, ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ म्हणतात: आधी तारांची संख्या, मग गेज. तीन बावीस म्हणजे साधारण 1.2 चौरस मिलिमीटर. गिझरला आज 4 चौरस मिलिमीटर घालतात. एवढं कळलं तरी निम्मी बोलणी सोपी होतात.

*

अर्थिंग. इथे सगळ्यात जास्त फसवणूक, आणि ती जाणूनबुजून केलेली असतेच असं नाही.

जुन्या इमारतींत अर्थची तार अनेकदा पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असे. नळ जमिनीत जात होता तोवर भागत होतं. पुढे गंजका पाइप काढून प्लास्टिकचा टाकला, प्लंबरनं आपलं काम चोख केलं, आणि आख्ख्या मजल्याचा अर्थ गेला. कुणाला पत्ता नाही, कारण अर्थ नसल्यानं काहीच बंद पडत नाही.

दुसरा प्रकार वाईट. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची तार नाही म्हणून अर्थ आणि न्यूट्रल आतल्या आत जोडून देतात. तपासताना सगळं ठीक दिसतं. ज्या दिवशी न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी फ्रिजच्या दारावर 230 व्होल्ट.

फेज आणि अर्थ यांच्यात शंभराचा बल्ब लावून वायरमन बघतात. बल्ब मंद पेटला तर अर्थ वाईट, हे नक्की. लख्ख पेटला तरी चांगला ठरत नाही. अर्थचा रोध 20 ओहम असेल तरी बल्ब झकास पेटतो. पण गिझरची कॉइल फुटून फेज टाकीला लागली तर जेमतेम साडेअकरा अँपियर वाहतील आणि 16 चा एमसीबी ढिम्म हलणार नाही. म्हणून 30 मिलीअँपियरच्या गळतीवर पडणारा आरसीसीबी. एमसीबी तारेला वाचवतो, हा माणसाला. अर्थ अजिबात नसलेल्या घरातही हा झटक्याच्या वेळी पडतो. वायरिंग बदला न बदला, हा आधी बसवा.

*

आरसीसीबी बसवला आणि जुलैत रोज पडायला लागला. भिंत ओली, आवरण जुनं, थोडी वीज झिरपते. किंवा जिन्यातल्या दिव्याचा न्यूट्रल कधीकाळी तुमच्या घरातून घेतलेला असतो. लोक कंटाळून आरसीसीबीच काढून टाकतात. वास्तविक तपासणीचा निकाल हाताशी आलेला असतो, तोही फुकट.

*

आवरण किती शाबूत आहे याचा आकडा हवा असेल तर मेगर लावायला सांगा: सगळी उपकरणं आणि बल्ब काढून, 500 व्होल्टला. एक मेगाओहमच्या खाली आलं तर कुठल्या सर्किटमध्ये ते शोधायचं. मेगर न आणता ‘सगळं बदलावं लागेल’ सांगणारा आणि ‘काही नको’ सांगणारा, दोघांनाही चहा पाजून निरोप द्यावा.

*

एका घरात दिवे मंद, शेजारच्या घरात डोळे दिपवणारे: इमारतीचा न्यूट्रल गेलाय. मेन बंद, मग फोन.

*

मातीच्या भिंतींच्या वाड्यात झिऱ्या मारून वायरिंग काँसिल करायचा, म्हणजे भिंतीत पुरायचा, हट्ट मला पटत नाही. भिंत खिळखिळी होते, ओल आत जाते, पुढचा दोष शोधताना पुन्हा फोडाफोड. वरून पीव्हीसीची केसिंग पट्टी दिसायला साधी, पण उघडता येते.

पैसे कमी असतील तर क्रम असा: अर्थ, नवा बोर्ड आणि आरसीसीबी, मग गिझर, एसी आणि ओट्यासाठी थेट बोर्डापासून स्वतंत्र लाइन. तार पीव्हीसीची आणि तांब्याची असेल, मेगर चांगला आला असेल, तर दिवे-पंखे 6 अँपियरच्या एमसीबीवर जुन्या तारेवर राहू द्यावेत. परवानाधारक ठेकेदाराकडून चाचणीचा अहवाल लेखी घ्यावा, आणि मंजूर भार वाढवून घ्यावा.

*

मीटरपर्यंतची वीज कंपनीची, पुढची आपली. मुंबईतल्या पागडीच्या इमारतीत या ‘पुढची’त एक चोरवाट आहे. मीटर तळमजल्यावर, लाकडी जिन्याखाली, सगळ्यांचे एकत्र; खोली तिसऱ्या मजल्यावर. भाडेकरू खोलीतलं सगळं नवं करतो, एसी लावतो. मीटरपासून खोलीपर्यंतची तार मात्र जुनीच, इतर बिऱ्हाडांच्या तारांच्या जुडग्यात. मालक म्हणतो तुमची, भाडेकरू म्हणतो इमारतीची. तिथे आग लागली तर धूर त्याच जिन्यानं वर येतो ज्यानं लोकांना खाली उतरायचं असतं. अशा इमारतीत खोलीचा बोर्ड बघण्याआधी जिन्याखाली बॅटरी मारून बघावी, आणि वायरमनला विचारावं की ती तार किती गेजची आहे.