वाढलेल्या चाकाचे देणे

या पानावर जीपगाडीचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील. सत्तरी ओलांडलेल्या आणि उभा जन्म वीणा-टाळांत गेलेल्या माणसाला गाडीच्या दातेरी चाकांशी काय कर्तव्य, असा पूर्वपक्ष कोणी मांडला तर तो रास्तच आहे. त्यावर माझे उत्तर साधे आहे. आमच्या वाडीचा पावसाळा त्या दातेरी चाकांच्या आधारावर निभतो. शिवाय दृष्टान्त कोणाच्या दारात सापडेल याचा नेम नसतो. मला हा मिस्त्रीच्या ओट्यावर सापडला.

आमची वाडी अकोले तालुक्याच्या पश्चिम अंगाला, खिंडीपलीकडच्या खोलगटात आहे. डांबरी सडक फाट्यावर संपते. फाटा ते वाडी साडेतीन किलोमीटरची कच्ची वाट, त्यात एक ओढा आणि दोन्ही बाजूंनी खिंडीची चढण. पावसाळ्यात १०८ ची गाडी फाट्यावर येऊन थांबते. तिथपर्यंत माणूस पोहोचवायचा तो ज्याचा त्याने. पूर्वी आजाऱ्याला झोळीत घालून चौघे खांद्यावर न्यायचे. गेली काही वर्षे ते काम माझ्या पुतण्याची जुनी महिंद्रा जीप करते. रेशनचे धान्य, खताच्या गोणी, अडलेली बाळंतीण, तापाने फणफणलेले पोर, सारे तिच्याच पाठीवर.

ओढ्यातल्या दगडांवर गाडीचे पोट घासायचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी चैत्रात पुतण्याने गाडी उंच केली. पाटे बदलले, शॅकल लांब घातले, गाडी चार इंच वर उचलली आणि २८ इंचांची चाके काढून ३१ इंचांची जाडजूड नक्षीची चाके चढवली. वाडीतली पोरे गाडीभोवती जमली. गाडी दिसायलाही रुबाबदार झाली, हे कबूल करायला हवे.

पण उंची दिसण्याची वेगळी आणि कामाची वेगळी. गाडीचे सर्वांत खाली लोंबणारे अंग म्हणजे ॲक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा फुगवटा. ओढ्यातला दगड आधी त्यालाच गाठतो. पाटे कितीही उंचावले तरी ॲक्सल जागचा हलत नाही, कारण तो चाकांच्या मध्यबिंदूत बांधलेला असतो. वर जाते ते फक्त अंग, म्हणजे सांगाडा आणि त्यावर बसलेली माणसे. ॲक्सल वर न्यायचा तर चाकच मोठे हवे, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच वर जातो. चाक ३ इंच वाढले, म्हणजे फुगवटा दीड इंच वर गेला. पाहणाऱ्याला चार-पाच इंचांचा थाट दिसला, ओढ्यातल्या दगडाच्या हिशेबी दीड इंचच जमा झाला. पाटे उंचावण्याचा खरा उपयोग एवढाच, की मोठे चाक फिरायला आणि वळायला वर जागा मिळते.

त्या दीड इंचाचे देणे मात्र दुसरीकडे फेडावे लागते. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापते. सपाटीवर हे बरे वाटते, इंजिन शांत चालते. पण इंजिनाचा जोर तोच असतो आणि चाकाचा हात लांब झालेला असतो. विहिरीच्या रहाटाचा लाकडी गोल मोठा केला तर एका फेऱ्यात दोर जास्त गुंडाळला जातो, पण ओढणाऱ्याचे दंड भरून येतात, तसेच हे. २८ चे ३१ केल्यावर जमिनीवर पोहोचणारा जोर शेकडा सुमारे दहाने कमी झाला. वर नवे चाक वजनाला जड, त्याला हलवायलाच जास्त रेटा लागे.

याचा प्रत्यय पहिल्या दिवशी येत नाही. पूर्वी जिथे गाडी दुसऱ्या गिअरवर सहज निघायची, तिथे पहिला लागू लागला. चढावर सुटताना अर्धा क्लच दाबून ठेवायची सवय लागली. एकदा वास आला, पुतण्याने दुर्लक्ष केले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असेच गेले. आषाढात एका पहाटे शेजारच्या म्हातारबांच्या छातीत कळ आली. पाऊस धो धो पडत होता. त्यांना गाडीत घातले, सोबत मीही बसलो. ओढा छान पार झाला. खिंडीच्या अर्ध्या चढावर मात्र इंजिन ओरडू लागले आणि गाडी जागची हलेना. फोर-व्हील लावले, लो गिअर लावला, काही उपयोग नाही. कारण क्लचची प्लेटच झिजून घसरत होती. जोर इंजिनापासून पुढे जाईना. मग पुन्हा जुनी झोळी. पुतण्या पुढे, वाडीतली तिघे मागून धावत आलेली. मी छत्री धरून मागे चालत होतो. फाट्यावर पोहोचायला पाऊण तास लागला. म्हातारबा वाचले. पण तो पाऊण तास पुतण्याच्या चेहऱ्यावर पुढे आठवडाभर होता.

गाडी ओढून संगमनेरला नेली. तिथला मिस्त्री वयाने माझ्याच बरोबरीचा, हात कोपरापर्यंत काळे. त्याने क्लच उघडायच्या आधी चाकांकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘महाराज, चाक वाढवलं, पण दात कोण बदलणार होतं?’’

मग त्याने मागच्या ॲक्सलचे झाकण उघडून आम्हाला दाखवले. आत दोन दातेरी चाके असतात. लहान ते पिनियन, मोठे ते क्राउन. इंजिनाकडून येणारा फेरा पिनियन घेते आणि क्राउनला देते. तिथेच वेगाचा जोर होतो. त्याने दात मोजले. क्राउनचे ३९, पिनियनचे ८. म्हणजे पिनियनचे ४.८८ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. ‘‘मोठ्या चाकाने तुमचा हा ४.८८, समजा, ४.४१ वर आणून ठेवला,’’ तो म्हणाला. ‘‘आता ४३ ला ८ घाला. ५.३८ होतो. त्यावर ३१ चं चाक म्हणजे जवळपास मूळची गाडी.’’ मी घरी येऊन कागदावर गुणाकार-भागाकार करून पाहिला. ५.३८ ला २८ ने गुणून ३१ ने भागले तर ४.८६ येतात. मूळ ४.८८. मिस्त्रीने कागद-पेन्सिल हातात घेतली नव्हती.

या दोन आकड्यांना जुना इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीस कंपनीने सैन्यासाठी जी जीप केली, तिच्या ॲक्सलमध्ये ४.८८ चेच दात होते. युद्ध संपले, १९४५ मध्ये त्याच कंपनीने शेतकऱ्यांसाठी जीप काढली. नांगर ओढायचा, ओझी वाहायची. इंजिन तेच चार सिलिंडरचे ठेवले, पण ॲक्सलचे दात बदलून ५.३८ केले. धावण्यापेक्षा ओढण्याचे काम वाट्याला आले तेव्हा त्यांनी आतली रचना पालटली. पुढे त्याच घराण्यातल्या जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपाने आपल्या मुंबईत आल्या आणि महिंद्रांनी त्या जोडायला घेतल्या. काम बदलले की दात बदलावेत, हा विचार मिस्त्रीने शोधून काढलेला नव्हता. तो परंपरेने त्याच्यापर्यंत आलेला होता. परंपरा फक्त आमच्याच क्षेत्रात असते असे नाही.

आता खर्चाची गोष्ट निघाली. पुतण्या म्हणाला, ‘‘अण्णा, आत्ता मागचेच दात बदलू. पुढचे दिवाळीनंतर.’’ मिस्त्रीने मान हलवली. या गाडीत फोर-व्हील लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांचे फेरे सारखेच. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ ठेवले तर पुढची चाके मागच्यांपेक्षा शेकडा दहा जोरात फिरू पाहतील. एकच गाडी, पण पुढचे म्हणणार चल आणि मागचे म्हणणार थांब. चिखलात चाके घसरून थोडे निभेल. घट्ट जमिनीवर मात्र दोघांतले भांडण सांध्यावर आणि दातांवर निघेल, आणि जे कमजोर ते तुटेल.

हे मला चटकन समजले. कीर्तनात आवाज चढला म्हणून वीणा वरच्या पट्टीत लावली आणि पखवाज जुन्याच सुरात ठेवला, तर दोघेही आपापल्या जागी शुद्ध असतात, पण एकत्र कानाला सोसत नाहीत. मृदंगमणी शाईच्या बाजूला हातोडीने सूर चढवतो, धुमेला कणीक कमी-जास्त करतो, तेव्हा मंडळी पुढे जातात. मी पुतण्याला म्हणालो, ‘‘दोन्ही बदल. पैसे कमी पडले तर मी आहे.’’

काम तीन दिवस चालले. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एकाचे क्राउन आणि दुसऱ्याचे पिनियन घेतले तर दात मोजायला बरोबर भरतील, पण आवाज करतील आणि लवकर जातील. बसवतानाही पिनियन किती आत घ्यायचे ते पातळ चकत्या घालून ठरवतात. दोन दातांमध्ये जी मोकळीक ठेवायची ती कागदाच्या दोन पानांएवढी. कमी झाली तर गरम होऊन दात खातात, जास्त झाली तर प्रत्येक धक्क्याला आपटतात. मग मिस्त्रीने दातांना रंग लावला, चाक हाताने फिरवले आणि रंग कुठे पुसला गेला ते पाहिले. ठसा दाताच्या टोकावर नको, मुळाशीही नको, मधोमध हवा. पहिल्या वेळी तो मुळाकडे पडला. त्याने सारे पुन्हा उघडले, चकती बदलली, पुन्हा जोडले. असे चार वेळा. चौथ्या वेळी ठसा मधोमध आला तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त हात पुसले. चांगला विद्यार्थी पाठ बिनचूक म्हणतो तेव्हा गुरुजीही असेच गप्प राहतात.

गाडी घरी नेताना त्याने पथ्य सांगितले. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर चालवायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायची. पहिले सात-आठशे किलोमीटर ओझे नाही, घाई नाही. त्यानंतर ॲक्सलमधले तेल बदलायचे, कारण नव्या दातांचा बारीक कीस त्यात उतरलेला असतो. पुतण्याने हे पथ्य अक्षरशः पाळले. आणखी एक गंमत घडली. मोठी चाके लावल्यापासून गाडीचा वेगाचा काटा खोटे बोलत होता. ४० दाखवी तेव्हा गाडी ४४ ने धावत असे. दात बदलल्यावर काट्याला कोणी हात लावला नाही, पण तो खरा झाला. कारण या जीपमध्ये काट्याची तार ॲक्सलच्या अलीकडे, ट्रान्सफर केसला जोडलेली असते. आतला हिशेब जुळला आणि बाहेरचे बोलणे आपोआप खरे ठरले.

तरी सगळे देणे फिटले असे समजू नये. मिस्त्रीने स्वच्छ सांगितले, की उतारावर इंजिनाची ओढ परत मिळाली, पण ब्रेकला या दातांची मदत नाही. मोठे चाक थांबवायला ब्रेकला जास्त झगडावे लागते, तेव्हा अस्तर आणि नळ्या दर पावसाळ्याआधी तपासायच्या. बसणारे वर गेले म्हणजे गाडीचा तोलही वर गेला. वळणावर आणि आडव्या उतारावर ती पूर्वीपेक्षा लवकर कलंडेल. आणि क्राउनचा घेर तोच ठेवून त्यावर जास्त दात बसवायचे म्हणजे ते बारीक होणार, आणि पिनियनही आकाराने लहान होणार. जोर वाढला, पण सोसण्याची ताकद थोडी कमी झाली. म्हणून चिखलात अडकल्यावर रागाने रेस द्यायची नाही.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवून दिले, की कारखानदाराने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. पुतण्याने हे पुढे वाचले आणि गाडीची उंची पुन्हा किती खाली आणता येईल हे विचारायला तो कागदपत्रे घेऊन परिवहन कार्यालयात गेला आहे. ज्यांच्या मनात असे काही असेल त्यांनी आधी तिथे विचारावे, मग पान्याला हात घालावा.

मी कीर्तन सोडले त्याला आता सहा वर्षे झाली. अलीकडे तरुण मंडळींचे मंडप पाहतो. कर्णे मोठे, पडदे मोठे, गर्दी मोठी. त्याचे मला वाईट वाटत नाही. मोठे चाकही ओढ्यासाठी लागतेच. पण गर्दी दुप्पट झाली तेव्हा पाठांतर किती वाढले, रियाज किती वाढला, हे ज्याचे त्याने रात्री एकट्याने झाकण उघडून मोजावे. सपाटीवर कोणाचेच उणे दिसत नाही. श्रोत्यांत एखादा दुःखाने पिळलेला जीव येऊन बसतो आणि त्याला खिंडीपार न्यायचे असते, तेव्हा अर्ध्या चढावर क्लचचा वास येतो. त्या वेळी गाडीत बसलेला माणूस आपला नसतो, आपल्या भरवशावर बसलेला असतो.

म्हणून उंची घेणाऱ्याने आधी दात मोजावेत. पुढचे आणि मागचे, दोन्ही. मग ब्रेक पाहावेत. आणि नवे दात बसले तरी पहिले काही दिवस ओझे न घेता सावकाश चालावे.