तीन महिन्यांचा मुक्काम, तीन दिवसांच्या सहली

पोटासाठी घर सोडून परगावी राहणे आपल्या माणसांना नवे नाही. कोणी आखातात कंत्राटावर जातो, कोणी दूरच्या बांधकामावर, कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी दोन-दोन महिने राहते. अशा मुक्कामात सुट्टीचा दिवस मिळतो, पण तो झोपेत किंवा बाजारहाटात निघून जातो. आमचेही तेच झाले असते.

आम्ही मुंबईचे, वरळीच्या चाळीतले. आमच्यापैकी एकाला सातपूरच्या कारखान्यात एप्रिलपासून तीन महिन्यांचे काम मिळाले. मुलांच्या शाळेला सुट्टी लागत होती, म्हणून ७६ वर्षांच्या आईसह सारे घर नाशिकला आले.

पहिल्याच रविवारी आम्ही चूक केली. त्रिरश्मी लेणी, काळाराम मंदिर आणि गंगापूर धरण, सारे एकाच दिवसात उरकायचे ठरवले. आवराआवर करून लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा बारा वाजले होते. दगड तापलेला. वर जायला सुमारे दोनशे पायऱ्या. आई तिसाव्या पायरीवर बसली. म्हणाली, "तुम्ही जा, मी बसते इथंच." तिला उन्हात सोडून कोण जाणार? काही न पाहता परतलो आणि रिक्षाला पैसे मात्र गेले. रात्री आई म्हणाली, "माझ्या बापाच्या तोंडी सारखं येवल्याचं नाव असायचं. मला तेवढं दाखवा, बाकी राहू द्या."

मग आम्ही बसून नीट बेत आखला. एका दिवशी एकच ठिकाण. दोन सहलींच्या मध्ये एक रविवार मोकळा, म्हणजे थकवाही जातो आणि खिशालाही ताण पडत नाही. भाकरी, चटणी, पाणी घरून. जिथे जायचे तिथली माहिती आदल्या रात्री मुलांना सांगायची. आणि प्रवास एस.टी.चा. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे, आणि ७५ वर्षांवरील माणसांना त्याआधीच, २०२२ पासून, प्रवास मोफत झाला आहे. आईचे आधार कार्ड बरोबर घेतले की झाले.

पहिली सहल पंचवटीतली, ऊन उतरल्यावर. काळाराम मंदिराच्या दाराशी उभे राहून मुलांना सांगितले, की २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. मंदिराला चार दरवाजे, चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे कित्येक वर्षे चालवला. आईने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्या पंचवीस बायकांची नावं काय होती रे?" आम्हाला एकही नाव सांगता आले नाही. परत येईपर्यंत कोणी फारसे बोलले नाही.

दुसरी सहल येवल्याची. नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटर, वाटेत निफाड आणि विंचूर. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावी भरलेल्या परिषदेत, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेबांनी जाहीर केले. त्यानंतर २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. दरवर्षी १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर मोठी गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा शांतता होती. आईने वंदना घेतली आणि सावलीत बराच वेळ बसून राहिली. आम्ही घाई केली नाही. दिवस एकाच ठिकाणासाठी राखला होता, त्याचा उपयोग तिथे कळला.

येवला पैठणीचे गाव. परतताना एका घरी हातमाग पाहिला. विणकराच्या हातातला धोटा पाहून आई म्हणाली, "तुमच्या आजोबांना याला हात लावू दिला नाही कुणी." आजोबा गिरणीत होते, पण रिंग खात्यात. साचाखात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. मुलांनी ही गोष्ट घरात प्रथमच ऐकली.

तिसरी सहल पुन्हा त्रिरश्मीची. या वेळी भल्या सकाळी निघालो. दर वीस पायऱ्यांनी थांबायचे, पाणी प्यायचे, मग पुढे. तासाभराने आई वर पोहोचली.

इथे २४ लेणी आहेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायमचे ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. थोरल्याने तिथेच हिशेब केला. महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. बरोबर जुळला. गोवर्धन नावाचे गाव आजही नाशिकजवळ आहे.

वर्षावास म्हणजे तरी काय? तीन महिने एका जागी मुक्काम. त्या मुक्कामाच्या वस्त्रांची सोय विणकरांच्या हाती सोपवलेली होती. आई म्हणाली, "म्हणजे विणणाऱ्याला तेव्हा मान होता."

अठराव्या लेण्यापाशी, चैत्यगृहात, ते पूर्ण करवणाऱ्या स्त्रीचे नाव कोरलेले आहे, भट्टपालिका. धाकटीने ते दोनदा म्हणून पाहिले. मग वहीचे पान काढून आजीला म्हणाली, "आजी, तुझ्या आईचं नाव सांग. तिच्या आईचंही." आई पायरीवर बसून सांगत गेली. चार पिढ्यांतल्या बायकांची नावे एका पानावर आली. त्यांतली दोन आम्हालाही ठाऊक नव्हती.

तुम्हीही कामासाठी, औषधपाण्यासाठी कुठे लांब मुक्कामाला असाल, तर सगळे पाहण्याचा हट्ट धरू नका. महिन्याला एक दिवस, एक ठिकाण पुरे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या आणि त्याच्या पायांच्या चालीने चला. आणि एक वही जवळ ठेवा.