कोर्ट बदलून द्या

"तुम्ही मारलंय हे दिसतंयच की, गुरुजी. कबूल करून टाका, दंडावर भागेल."

मॅजिस्ट्रेटसाहेब भर कोर्टात हे बोलले तेव्हा जेमतेम दोन साक्षीदार झाले होते; जखमेचा दाखला देणारे डॉक्टर यायचेच होते. त्याआधी, काठी नेमकी कुणाच्या गोठ्यातून जप्त झाली, हा प्रश्न आमच्या वकिलांना पंचाला विचारूच दिला नव्हता. चुलतभावाशी बांधावरून झालेली मारामारी, तेव्हाच्या दंड संहितेची कलमं 324, 504, 506. दंडावर ज्याचं भागतं त्याचं भागो. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, शिक्षा लागली की नोकरीवर गदा.

केस वर्ग करून घेणं म्हटलं की मला आठवे तो बेस्ट बेकरी खटला. सुप्रीम कोर्टाने 2004 साली तो गुजरातबाहेर काढून महाराष्ट्रात पुन्हा चालवायला लावला. बांधाच्या भांडणाला एवढं कोण करतो? पण वकीलसाहेब म्हणाले, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कोर्ट बदलायला फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 408 आहे, अर्ज सत्र न्यायाधीशांकडे. तिथे फेटाळला गेल्याशिवाय हायकोर्टात जाता येत नाही. (ही जुन्या संहितेतली गोष्ट, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम 448 झालं आहे.) अर्ज निव्वळ त्रास द्यायला केलाय असं ठरलं, तर जुन्या संहितेनुसार विरोध करणाऱ्याला अडीचशे रुपयांपर्यंत भरपाई द्यावी लागे. रक्कम ऐकून मला हसू आलं. वकीलसाहेब हसले नाहीत. "फेटाळला तर उरलेली केस याच साहेबांपुढे चालवायचीय, गुरुजी."

शपथपत्रासाठी मी वही भरून तक्रारी नेल्या होत्या. साहेब फिर्यादीच्या मेव्हण्याच्या लग्नात जेवले, ही पहिली. वकीलसाहेबांनी तीच आधी खोडली. "तुम्ही पाहिलंत? मग शपथेवर कसं लिहिणार? आणि ओळख म्हणजे पक्षपात नव्हे. 1897 साली टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले दावर 1908 मध्ये न्यायमूर्ती म्हणून बसले, तेव्हा जामीनही नाकारला आणि सहा वर्षांची शिक्षाही दिली." दर वर्षी एक ऑगस्टला टिळकांवर भाषण ठोकणाऱ्या मला हे कोर्टाच्या कँटीनमध्ये ऐकावं लागलं!

खोडता खोडता उरलं ते साहेबांचं एक वाक्य आणि पंचाला न विचारू दिलेला तो प्रश्न. साहेब पक्षपाती आहेत हे सिद्ध करायची गरज नव्हती. इथे न्याय मिळणार नाही, ही माझी भीती वाजवी ठरली तरी पुरे होतं. पण त्या दिवशीच्या रोजनाम्यात पंचाची साक्ष पूर्ण झाली आणि पुढची तारीख पडली, एवढंच. बोलण्याचा सूर रोजनाम्यात उतरत नाही. मागच्या बाकावर बसलेल्या एका ज्येष्ठ वकिलांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना गाठलं, तर म्हणाले, "ऐकलं ना मी. पण मला रोज त्यांच्यापुढेच उभं राहायचंय हो." मला त्यांचा राग आला नाही.

अर्ज टाकला म्हणून खालचं काम थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. ती मिळण्याआधीच तारीख आली. पुकारा झाला, मी आरोपीच्या जागेवर उभा राहिलो. साहेबांनी फाइलमधली नोटीस काढून पूर्ण वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मिळाला तुमचा अर्ज. बसा." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला बसायला सांगितलं होतं.

सत्र न्यायाधीशांनी साहेबांचा अभिप्राय मागवला. त्यांनी कळवलं: असं बोललो नाही, मात्र केस दुसरीकडे द्यायला हरकत नाही. मग आरोपावर काहीच मत न देता केस त्याच इमारतीतल्या दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झाली. साहेबांवर ठपका नाही, म्हणून गुरुजी हरले, असं चुलतभावाने गावभर केलं. मला ठपका नकोच होता, कोर्ट हवं होतं.

नव्या कोर्टात आधीचा पुरावा तसाच पुढे चालतो, पुन्हा पहिल्यापासून नाही. म्हणून पंचाला परत बोलवायला कलम 311 खाली अर्ज दिला. तो मंजूर झाला, समन्स निघालं. तारखेला आम्ही सगळे हजर होतो, अगदी चुलतभावसुद्धा. पंच तेवढा आला नाही. ऊसतोडीला गेलाय म्हणे.