एकवीस दिवसांचं चक्र

उरवडे, 9 जून 2020

उद्या आईची पाचवी केमो. पहिली 18 मार्चला झाली आणि आठवडाभरात टाळेबंदी आली. एकवीस दिवसांचं चक्र मात्र थांबत नाही. पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक; रस्ता तोच, पण नाक्यानाक्यावर पास आणि फाईल दाखवायची.

केमोनंतर दहाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा ताप आला तर लगेच दवाखाना गाठा, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण आता ताप म्हटलं की आधी कोरोनाचा संशय. 30 मेच्या रात्री आईला ताप भरला, तर दारातच दोन तास बसवून ठेवलं. ती भिंतीला टेकून गप्प होती. त्या दोन तासांचा राग माझ्या मनातून जात नाही. तपासणी करा, पण तोवर सलाईन तरी लावा!

मग 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ. वीज गेली आणि फ्रीजमध्ये पेशी वाढवायचं इंजेक्शन. ते गोठूनही चालत नाही, म्हणून फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये बर्फापासून अंतरावर ठेवलं. रात्रभर उठून पाहत होतो.

परळच्या टाटा रुग्णालयाने या काळातही उपचार चालू ठेवलेत, हे वाचून धीर आला. गाठ टाळेबंदी पाळत नाही.

आई आत्ता विचारत होती, “भाताचं रोप टाकलं का रे?”

टाकलंय. पासही आलाय. पहाटे सहाला निघायचंय.