आणि मंडळी

हेब्डन ब्रिजच्या सेंट जॉर्जेस चौकात एक उंच सुरी उभी केली आहे आणि तिच्या सावलीवरून वेळ कळते. जुलैची दुपार होती. गावात प्राइडचा आठवडा चालू होता, दुकानांच्या काचांमागे इंद्रधनुषी पताका होत्या. लीड्सहून मला घेऊन आलेली भाची आणि तिची मैत्रीण हातात हात घालून पुढे निघाल्या होत्या. "मावशी, चल ना, बागेतले कार्यक्रम सुरू झाले असतील." पण माझा पाय निघेना. ती कॉर्डरॉय कापायची सुरी होती.

कॉर्डरॉय, मोलस्किन असल्या जाड सुती कापडांना तिकडे फस्टियन म्हणतात. विणून झालेल्या कापडावर आडव्या धाग्यांचे बारीक फासे उठलेले असतात. लांबलचक मेजावर कापड ताणून बसवायचं आणि ही निमुळती सुरी त्या फाशांच्या ओळीतून चालत चालत दुसऱ्या टोकाला न्यायची. परत यायचं, पुढची ओळ धरायची. फासे कापले गेले की लव उभी राहते. शेजारच्या गावांनी हेब्डन ब्रिजला विजारींचं गावच म्हणून टाकलं होतं. १८७० मध्ये इथल्या फस्टियन कामगारांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, पुढे नटक्लफची गिरणी घेतली. हे वाचून मला उगीचच माहेरचं काही सापडल्यासारखं वाटलं.

गिरण्या बंद पडल्यावर गाव रिकामं झालं. दरीच्या उतारावर एकावर एक रचलेली घरं, खालच्या घराचं दार दरीकडे, वरच्याचं टेकडीकडे, अगदी मातीमोल झाली. मग चित्रकार आले, शहराला कंटाळलेली तरुण मुलं आली आणि बायका आल्या, दोघी-दोघी. साडेचार हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव आता त्या बायकांसाठी सगळ्या ब्रिटनमध्ये ओळखलं जातं. त्या आल्या, त्यांनी पडकी घरं डागडुजी करून राहती केली, दुकानं थाटली, मुलं वाढवली. कुठलंही गाव असंच वसतं.

इंग्रजीत प्राइड वेगळा आणि परेड वेगळी. आपल्याकडे मिरवणूक हा एकच शब्द आहे आणि त्याच्या पोटात मिरवणं आहे. नव्या नवरीनं मिरवावं, नव्या बैलजोडीनं मिरवावं. मिरवायला बघणारं कुणीतरी लागतं आणि ते ओळखीचं लागतं. पुण्यात २०११ च्या डिसेंबरात पहिली प्राइड निघाली. मोठ्या शहरांतल्या सुरुवातीच्या मोर्चांत काही जण मुखवटे लावून चालायचे. शहरात मुखवट्याचा उपयोग होतो. तालुक्याच्या गावात माणूस चालीवरून ओळखतात. तिथे बाजारपेठेतून चालायचं म्हणजे दुतर्फा वाणी, शाळेतले मास्तर, आईच्या भिशीतल्या बायका. म्हणून मला लहान गावातल्या प्राइडचं अप्रूप जास्त आहे.

कृष्णाकाठच्या आमच्या गावी भैरोबाच्या जत्रेचं निशाण शिंपीकाका शिवत. दरवर्षी नवं. चैत्र लागला की गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला पडत आणि दुकानभर भगवं कापड पसरे. शिवण काका घालत, पण कापड ताणून धरायला तात्या लागत. तात्या काज-बटणं करत, इस्त्री करत आणि संध्याकाळी पेटी वाजवत. दोघं दुकानाच्याच मागच्या खोलीत राहत. किती वर्षं, हे कुणी मोजलं नव्हतं. मला कळायला लागल्यापासून ते दोघंच होते. छबिना दुकानासमोर आला की काका पालखीच्या भोयांच्या पायावर पाणी घालत आणि तात्या मागे निरांजन घेऊन उभे असत. गुलाल-खोबऱ्यानं दोघांची टोपी लाल होऊन जाई.

दादाला काकांनी एकदा कॉर्डरॉयची विजार शिवली आणि उरलेल्या तुकड्यांतून माझ्यासाठी बिनबाह्यांची बंडी काढली. त्यासाठी तुकडे फिरवून फिरवून लावत होते. माझा हात धरून त्यांनी कापडावरून वर नेला, मग खाली. एकीकडून मऊ, दुसरीकडून अडखळतो. "लव वरच्या अंगाला ठेवून बेतायचं, मग रंग गडद दिसतो. एक तुकडा उलटा लागला की जोड द्यायच्या कापडासारखा उठून दिसतो बघ." शिवलेली कुठलीही वस्तू उलटी करून आतून बघायची सवय मला त्यांनीच लावली.

घरात लग्न निघालं की पाकिटांवर नावं आई लिही. प्रत्येक नावापुढे 'आणि मंडळी'. शिंपीकाकांच्या पाकिटावरही तेच. एकदा आत्या म्हणाली, "त्याच्या घरात कुठली आलीय मंडळी?" जुनी माणसं बायकोला आमची मंडळी म्हणत, आत्याच्या बोलण्यात तो अर्थ होता. आईनं मान वर केली नाही. "तात्या आहेत की," म्हणाली आणि पुढचं पाकीट ओढलं.

मी कॉलेजात होते तेव्हा काका गेले. मडकं धरायला पुतण्या आला. सुतक पुतण्याला लागलं, म्हणून गल्लीतल्या घराघरांतून पिठलं-भात पुतण्याच्या दारी गेला. तात्यांना सुतक लागत नव्हतं. ते दुकानाच्या पायरीवर बसून होते, आत मशीनवर चादर घातलेली. आईनं माझ्याकडे डबा दिला. मी तो त्यांच्याशेजारी ठेवला, "येते" म्हणाले आणि निघाले. मी बसायला हवं होतं. त्यांच्याशी काय बोलायचं हे मला कळेना, आणि काही बोलायची गरज नसते हे त्या वयात ठाऊक नव्हतं. तेराव्यानंतर पुतण्यानं मशीन नेलं. पुढच्या चैत्रात निशाण कोल्हापूरहून विकत आणलं.

ज्या कायद्यानं त्या दोघांना गुन्हेगार ठरवता आलं असतं, तो इंग्रजांनी आपल्याकडे १८६० मध्ये आणला. स्वतःच्या देशात त्यांनी १९६७ मध्ये तो सैल केला. आपल्याकडे ते कलम निष्प्रभ व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. गावात कुणी तात्यांना वाईट बोललं नाही हे खरं आहे. पण त्यांच्या दुःखाला नाव द्यायला शब्द नव्हता आणि शब्द नाही म्हणून आमच्या घरचा सोडून कुणाचा डबा नाही. आमच्या गल्लीच्या समजूतदारपणाचं कौतुक मी पुष्कळ वर्षं सांगत आले. आता सांगवत नाही.

इंद्रधनुषी निशाणही शिवणकामातूनच आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गिल्बर्ट बेकर यांनी स्वतःचं स्वतः शिवण शिकून घेतलं होतं. १९७८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पहिली दोन निशाणं हातानं रंगवून शिवली. कापड भिजवायला कचऱ्याचे मोठे डबे वापरले. तेव्हा पट्टे आठ होते. मागणी वाढली तेव्हा भडक गुलाबी कापडच मिळेना, म्हणून तो पट्टा गेला. शिंपीकाकांना हे सांगितलं असतं तर पटलं असतं. ठाण संपलं की बेत बदलावा लागतो. पण त्यांनी चिंधीच्या गाठोड्यात आधी गुलाबी शोधलं असतं.

बागेत कालव्याच्या कडेनं लोक पथाऱ्या टाकून बसले होते. शिदोरी सोडलेली, कुत्री मोकळी, गालांवर रंग ओढलेली पोरं पायांत लुडबुडत होती. थेट जत्रा. दोन पांढऱ्या केसांच्या बायका घडीच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि येणारी-जाणारी माणसं वाकून त्यांची चौकशी करत होती. एकीच्या गुडघ्याचं काहीतरी दुखणं असावं. दुसरीच सगळ्यांना ते सविस्तर सांगत होती, जशी घरोघरची माणसं सांगतात.

एका मेजावर निशाणं विकायला होती. मी एक उचललं आणि उलटं केलं. दोन्हीकडे तेच रंग, कुठेही शिवण नाही, छापलेलं. तरी घेतलं. भाचीच्या मैत्रिणीनं ते माझ्या पिशवीच्या बंदाला बांधलं, गाठ दोनदा मारली.